१२३ दिवसांची ‘गीताई’

१/ प्रतिभेचा साक्षात्कार झाला की ग्रंथ आपोआप जन्माला येतो, असा एक लोकप्रिय समज आहे. वर्ध्यात सिद्ध झालेल्या एका मराठी ग्रंथाचा इतिहास मात्र निराळेच सांगतो. 🧵

२/ ग्रंथ ‘गीताई’, कर्ते विनोबा भावे. प्रेरणा त्यांच्या मातोश्री रुक्मिणीबाईंची. संस्कृत गीता त्यांना कळेना आणि उपलब्ध मराठी समश्लोकीही अवघड वाटे. तेव्हा त्यांनी मुलालाच सुचवले की हे काम तूच कर.

३/ त्या काळी बडोद्यातील तरुण विनोबा कविता करीत आणि मनासारखी साधली की अग्नीला अर्पण करीत. पुढे काशीत गंगेकाठी रचलेल्या कविताही त्यांनी गंगेलाच दिल्या. स्फूर्तीची वाण नव्हती. तरीही गीतेचे काम सुरू झाले नाही.

४/ १९१६ मध्ये विनोबांनी घर सोडले. २४ ऑक्टोबर १९१८ रोजी आई गेली. जिच्यासाठी लिहायचे, ती वाचकच उरली नाही.

५/ ८ एप्रिल १९२१ रोजी विनोबा वर्ध्याच्या आश्रमात आले. प्रार्थना, सूतकताई, अध्यापन, अध्ययन: दिवसाचा प्रत्येक प्रहर बांधलेला. १९२३ मध्ये त्यांनी ‘महाराष्ट्र धर्म’ मासिक काढले. पुढे ते साप्ताहिक झाले. साप्ताहिकाचा अंक स्फूर्तीसाठी थांबत नाही. लेखणीला वळण लागले ते इथे.

६/ मग ७ ऑक्टोबर १९३०. पहाटे ‘गीताई’च्या लेखनाला आरंभ झाला. ६ फेब्रुवारी १९३१ रोजी समाप्ती.

७/ हिशेब पाहा. दोन्ही टोके धरून दिवस १२३, श्लोक ७००. म्हणजे दिवसाला सरासरी सहाहूनही कमी. हा आकडा कोणालाही दिपवणारा नाही. पण प्रत्येक संस्कृत श्लोकाला एकच मराठी श्लोक, अर्थ न सांडता आणि भाषा सोपी ठेवून, ही अट रोज पाळायची होती.

८/ १९३२ मध्ये विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. तेथे २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा रविवार, गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने झाली. साने गुरुजींनी ती टिपून घेतली, म्हणून ‘गीता प्रवचने’ आज हाती आहे. बोलणाऱ्याइतकाच लिहून घेणाऱ्याचाही नेम महत्त्वाचा ठरला.

९/ मग प्रेरणा व्यर्थ का? मुळीच नाही. आईच्या इच्छेविना ‘गीताई’ हे नावही संभवत नाही. त्या नावात गीता आहे आणि आईही आहे. परंतु ती इच्छा दीड दशक बीजासारखी पडून होती. तिला अंकुर फुटला तो नित्याच्या मशागतीने.

१०/ वर्ध्याजवळ गोपुरी येथील गीताई मंदिरात हे सातशे श्लोक शिळांवर कोरलेले आहेत. तेथे गेलात तर आरंभी पाच-सहा शिळांपाशीच थांबा. एका दिवसाचे काम साधारण तेवढेच होते.