खिडकीतला सब्जा

सब्ज्याची माझी पहिली ओळख स्वयंपाकघरातली नाही, कब्रस्तानातली. शब-ए-बरातला अब्बांचा हात धरून आजोबांच्या कबरीवर जायचो, तेव्हा तिथल्या सब्ज्याला पाणी घालायचं काम माझं असे. उन्हाळ्यात फालुद्यातलं फुगलेलं बी आवडीने खायचो; पान मात्र कधी तोंडात घातलं नाही.

त्यामुळे एका स्नेह्याने ठेंगण्या सब्ज्याचं रोप आणून ‘याची पानं जेवणात घाला’ म्हटलं, तेव्हा अम्मीने ती कुंडी ओट्यापासून लांब ठेवायला लावली. म्हणाली, ‘‘कबरीवरचं पान ताटात कशाला?’’

ही आमच्याकडचीच समजूत असेल, असं मला वाटलं. पण या झाडाचा इतिहास पाहिला तर अम्मी एकटी नव्हती.

हा ठेंगणा सब्जा भूमध्य समुद्राकाठचा लाडका. वीतभर उंची, चेंडूसारखा गोल आकार, नखाएवढं पान. लिनियसने १७५३ साली त्याला वेगळी जात मानून ‘ऑसिमम मिनिमम’ हे नाव दिलं. ग्रीसमध्ये त्याची कुंडी खिडकीत ठेवतात. पण जुन्या वळणाच्या घरात ती हुंगायला, खायला नव्हे. क्रूस सापडला त्या जागी सब्जा उगवला होता, अशी तिथली आख्यायिका आहे. १४ सप्टेंबरच्या क्रूसाच्या सणाला चर्चमध्ये सब्ज्याला मान असतो.

लिस्बनमध्ये हेच झाड ‘मंजेरिको’. १३ जूनच्या संत अँथनीच्या सणाला ते प्रिय व्यक्तीला देतात. कुंडीत कागदी फूल आणि चार ओळींची कविता लिहिलेली चिमुकली पताका खोचलेली असते. झाडाला नाक लावायचं नाही. वरून तळहात फिरवायचा आणि तो हुंगायचा. दर जूनमध्ये तिथे कविता अशी हातोहात खपते. आमच्या संग्रहांच्या नशिबी ते नाही!

इटलीत बोकाच्चोच्या चौदाव्या शतकातल्या ‘डेकॅमेरॉन’मध्ये लिझाबेत्ता भावांनी मारलेल्या प्रियकराचं शिर कुंडीत पुरून वर सब्जा लावते. म्हणजे तिथेही कबरच. पण त्याच इटलीत जिनोआची माणसं सब्ज्याची पानं लसूण, चीज आणि ऑलिव्हच्या तेलाबरोबर खलात कुटून खातात. इराणात तर कच्ची पानंच ताटात येतात.

मी अम्मीला एवढंच सांगितलं, की सूरह रहमानमध्ये दाणा आणि रैहान एकाच आयतीत आलेत. अरबीत सुवासिक वनस्पतीला रैहान म्हणतात, सब्ज्यालाही. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी टोमॅटोच्या सारात, गॅस बंद केल्यावर, तिने चिमूटभर पानं टाकली. इतकी बारीक, की चिरावी लागत नाहीत.

कुंडीतल्या या झाडाला ऊन भरपूर लागतं, पाणी साचलेलं चालत नाही. तुरे खुडत राहावं लागतं, नाहीतर पानं कमी होतात. अम्मी गेल्यावर तिच्या कबरीवर मी हाच लावला होता. पहिल्याच पावसात सडला. आता तिथे आपला गावठी सब्जा आहे. त्याचे तुरे कुणी खुडत नाही.