कोल्हापूरचे छत्रपती घराणे : विकिपीडियावरील संपादन

मुक्त ज्ञानकोशातील या राजघराण्याविषयीचे लेख लिहिण्याचे व दुरुस्त करण्याचे स्वयंसेवी, विनामोबदला काम. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला.

एकाच नावाच्या व्यक्ती वेगळ्या ठेवणे हा या कामाचा मुख्य भाग. साताऱ्याचे छत्रपती शाहू (१६८२–१७४९) आणि कोल्हापूरचे राजर्षी शाहू (१८७४–१९२२) यांची सरमिसळ सहज होते. कोल्हापूरच्या गादीवरील एक राजाराम १८७० मध्ये इटलीतील फ्लॉरेन्स येथे वारले. दुसरे राजाराम (१८९७–१९४०) हे राजर्षींचे पुत्र. अशा नावांसाठी निःसंदिग्धीकरण पाने करतात.

दत्तकविधानांमुळे वंशावळीही काळजीपूर्वक मांडाव्या लागतात. राजर्षी शाहू जन्माने कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव. १८८४ मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. त्यामुळे लेखात जनक व दत्तक, अशा दोन्ही घराण्यांची नोंद हवी. त्यांची जन्मतारीख जुन्या लेखनात २६ जुलै आढळते. आता २६ जून ही तारीख रूढ असून तो दिवस महाराष्ट्रात सामाजिक न्याय दिन म्हणून पाळतात. असा फेरफार करताना संदर्भ देणे अपेक्षित असते. मतभेद चर्चा पानावर मांडले जातात आणि जुनी आवृत्ती पानाच्या इतिहासात राहते.

आदरार्थी उपाधी किती वापराव्यात, हा नेहमीचा वादविषय. मजकुरावरील वाद कधी पोलिसांपर्यंतही जातो : फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरील इंग्रजी लेखातील मजकुरावरून महाराष्ट्र सायबर विभागाने गुन्हा नोंदवला.