‘स्वयंचलित सफाई कामगार’: किरायाच्या घराखालच्या टाकीचा इतिहास

हिंगोलीत घर भाड्याने मिळते, त्याहून अधिक वेळा ते ‘किरायाने’ मिळते. मराठवाड्याच्या बोलीत रुळलेल्या अनेक उर्दू शब्दांपैकी हा एक. घर पाहायला आलेला माणूस खोल्या मोजतो, नळाला पाणी किती दिवसांआड येते ते विचारतो, विजेचे मीटर स्वतंत्र आहे का ते पाहतो. अंगणातील फरशीखाली काय आहे, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. मग एखाद्या श्रावणात संडासातले पाणी खाली जाण्याऐवजी वर येऊ लागते आणि त्या फरशीखालची सेप्टिक टँक सर्वांना एकदम आठवते. मालक म्हणतो, “तुमच्या वापरानेच भरली.” किरायेदार म्हणतो, “आम्हाला येऊन आठच महिने झाले.” दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे असते. हे भांडण समजून घ्यायचे तर सुरुवात फ्रान्समधील एका लहानशा गावापासून करावी लागते.

व्हेसूल हे ते गाव. तेथील जाँ-लुई मुरास याने १८६०च्या सुमारास एका घरासाठी मैल्याची बंद टाकी बांधली. बऱ्याच वर्षांनी ती उघडली, तेव्हा अपेक्षेइतका घन मैला तिच्यात आढळला नाही, असे सांगितले जाते. पुढे १८८१ मध्ये आबे म्वान्यो या विज्ञानप्रसारक धर्मगुरूच्या साहाय्याने ही रचना जगासमोर आली. तिला फ्रेंचमध्ये जे नाव मिळाले, त्याचा अर्थ ‘स्वयंचलित मैला उपसणारी’ असा होता. इंग्रजीत ती ‘मुरासचा स्वयंचलित सफाई कामगार’ म्हणून ओळखली गेली. या नावातच पुढच्या साऱ्या घोळाचे बीज आहे. टाकी जन्माला आली ती एका आश्वासनासह: आता मैला उपसायला माणूस लागणार नाही.

‘सेप्टिक टँक’ हे नाव मात्र इंग्लंडमधील एक्सेटर शहराचा अभियंता डोनाल्ड कॅमेरॉन याने १८९५च्या सुमारास दिले. त्यानंतर अवघ्या दोनेक वर्षांत हे तंत्र मुंबईत पोहोचले. माटुंग्याला कुष्ठरोग्यांचे एक आश्रयस्थान होते. पालिका आयुक्त एच. ए. ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने ते १८९० मध्ये उभे राहिले होते. आज वडाळ्याचे ॲकवर्थ रुग्णालय म्हणून आपण ते ओळखतो. १८९७च्या सुमारास तेथील मैल्याच्या टाक्यांवर वायू गोळा करण्याची सोय केली गेली आणि त्या वायूवर इंजिन चालवले गेले. मैल्यापासून मिळालेल्या वायूचा असा उपयोग करणाऱ्या जगातील आरंभीच्या प्रयोगांत माटुंग्याचे नाव घेतले जाते. मुंबईचे ड्रेनेज अभियंता सी. कार्किट जेम्स यांनी १९०२ मध्ये पौर्वात्य शहरांच्या मलनिस्सारणावर ग्रंथ लिहिला, तो याच काळातला. ज्यांना समाजाने शहराबाहेर ठेवले होते त्यांच्या वस्तीत हा प्रयोग प्रथम व्हावा, ही गोष्ट योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

मुरासचे आश्वासन अर्धेच खरे होते. टाकीत आलेला मैला तीन थरांत विभागतो. जड भाग तळाशी गाळ होऊन बसतो, तेल व हलके पदार्थ वर साय धरतात आणि मधले पाणी पुढे शोषखड्ड्याकडे जाते. हवेविना जगणारे जिवाणू गाळाचा बराच भाग पचवतात, सगळा नाही. उरलेला गाळ वर्षानुवर्षे चढत जातो. भारतीय मानक २४७० नुसार टाकी किमान ७५ सेंटिमीटर रुंद असावी, तिच्यात पाण्याची खोली किमान १ मीटर आणि धारणक्षमता किमान १,००० लिटर असावी. पाच माणसांसाठी सुचवलेली टाकी जेमतेम दीड मीटर लांब असते आणि तिचा गाळ वर्षा-दोन वर्षांनी उपसला जाईल, हे त्या मापातच गृहीत धरलेले आहे. खालच्या तीन खोल्यांसाठी बांधलेल्या टाकीवर मालक वरचा मजला चढवतो, त्यात आणखी दोन कुटुंबे येतात, आणि टाकी मात्र तेवढीच राहते.

आता मराठवाड्याकडे वळू. हिंगोली ही निजामाच्या राज्यातील हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती; १९०३ मध्ये ती फौज ब्रिटिशांच्या भारतीय सैन्यात विलीन झाली. १९०८ मध्ये मुसी नदीला महापूर आला आणि त्यानंतर विश्वेश्वरय्या यांच्या सल्ल्याने हैदराबादसाठी भूमिगत गटारांची योजना आखली गेली. योजना राजधानीची होती. देशातील बहुतेक जुन्या शहरांत घरामागच्या बोळातून मैला उचलणारा टोपलीचा संडास दीर्घकाळ टिकला, आणि ते काम जातीने ठरलेल्या माणसांवर लादलेले होते. मुंबई राज्याने या कामगारांच्या जीवनमानाच्या चौकशीसाठी १९४९ मध्ये व्ही. एन. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा हिंगोली त्या राज्यात नव्हतीच. ती मुंबई राज्यात आली १९५६ मध्ये.

टोपलीच्या संडासाची अमानुषता सांगून संपणारी नाही. तरी एक गोष्ट नोंदवायला हवी: ती अमानुषता रोजची आणि उघड होती. टोपली रोज भरे, आणि एक दिवस उचलली नाही तर साऱ्या वाड्याला कळे. सेप्टिक टँकने मैला दृष्टीआड केला आणि त्याचबरोबर जबाबदारीची तारीखही दृष्टीआड केली. टाकी काही वर्षांनी भरते. किरायेदार त्याआधी बदललेला असतो. आज ज्याच्या संडासात पाणी उलटते, त्याच्या पायाखाली आधीच्या तीन कुटुंबांचा गाळ साठलेला असतो.

दुसरा मार्ग उपलब्ध नव्हता असे नाही. अप्पासाहेब पटवर्धन यांनी रत्नागिरीच्या तुरुंगात संडाससफाईचे काम स्वतःहून मागितले. ते ‘उच्च’ जातीच्या कैद्याला नाकारले गेले म्हणून त्यांनी अन्नत्याग केला. डिसेंबर १९३२ मध्ये त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधींनीही येरवड्यात उपोषण आरंभले. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात पटवर्धनांनी स्वस्त आणि सोप्या संडासावर अनेक वर्षे काम केले. दोन खड्ड्यांच्या संडासाचे तत्त्व असे की एक खड्डा भरला की दुसरा वापरायचा. तोवर पहिल्यातील मैल्याचे कोरडे खत होते आणि ते कोणालाही काढता येते. सेप्टिक टँकमधून निघतो तो ओला, विषारी वायू धरून बसलेला गाळ. तरीही शहरी मध्यमवर्गाने प्रतिष्ठेची म्हणून टाकीच निवडली.

हिंगोलीत या निवडीला मातीनेही त्रास दिला. दख्खनच्या बेसॉल्टवरची काळी कापसाची जमीन ओली झाली की फुगते आणि तिच्या फटी मिटतात. टाकीतून बाहेर पडणारे पाणी जिरवण्याचे काम शोषखड्ड्याचे असते. पण आषाढ-श्रावणात भोवतालची जमीनच पाण्याने भरलेली असते. म्हणून अशा मातीत खड्ड्याभोवती वाळू-खडीचे जाड आवरण सुचवले जाते. हा खर्च घर बांधताना वाचवला जातो आणि पुढे पावसाळ्यात त्याची भरपाई किरायेदार करतो.

त्यामुळे ‘टाकी भरली’ हे निदान बरेचदा घाईचे असते. एकाच भांड्यातून पाणी जात नसेल आणि न्हाणीघर, मोरी मोकळी असेल, तर अडथळा बहुधा त्या भांड्याच्या नळातच असतो. टाकीला जोडलेले सगळेच मार्ग मंदावले, तर दोष टाकीत किंवा पुढे. केवळ मोठ्या पावसानंतर पाणी उलटत असेल आणि उघडीप मिळाल्यावर ओसरत असेल, तर संशय शोषखड्ड्यावर घ्यावा. अशा वेळी टाकी उपसली तरी फार काळ निभत नाही. टाकीच्या बाहेर जाणाऱ्या नळाच्या तोंडाशी साय घट्ट धरली, तर टाकीत जागा असूनही पाणी तुंबते. कापड, सॅनिटरी पॅड, प्लॅस्टिक टाकल्याने झालेला अडथळा हा मात्र वापरणाऱ्याचाच दोष होय. मालकाचा आरोप प्रत्येक वेळी खोटा नसतो.

कायद्याने हा प्रश्न कसा पाहिला? १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात एक मार्मिक तरतूद आहे. भाडेकरूला सर्वसाधारण काळजी घेऊनही दिसू शकणार नाही असा मोठा दोष मालकाला ठाऊक असेल, तर त्याने तो सांगितला पाहिजे. फरशीखाली बुजवलेल्या, मापाला अपुऱ्या टाकीला ही व्याख्या नेमकी लागू पडते. भाडे नियंत्रणाचे कायदे मात्र प्रदेशागणिक वेगळे होते: जुन्या मुंबई राज्यात १९४७चा, विदर्भात १९४९चा आदेश आणि मराठवाड्यात १९५४चा हैदराबाद कायदा. या तिघांची जागा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने घेतली. तो ३१ मार्च २००० रोजी अमलात आला. परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. म्हणजे जिल्हा आणि कायदा यांत बरोबर अकरा महिन्यांचे अंतर. घरभाड्याच्या कराराची आपल्याकडची लाडकी मुदतही तीच.

या अधिनियमाच्या कलम १४ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर घर राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे मालकाचे कर्तव्य आहे. त्याने टाळाटाळ केली, तर भाडेकरू किमान १५ दिवसांची नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा एवढीच की एका वर्षात ही रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक नसावी. महिना ४,००० रुपये भाडे असेल, तर ही मर्यादा १२,००० रुपये होते. कलम २९ अत्यावश्यक सेवांमध्ये पाणी आणि विजेबरोबर स्वच्छतेची सेवाही मोजते आणि ती तोडण्यास मालकाला मनाई करते. मात्र ‘दुरुस्ती’ आणि ‘उपसा’ एकच का, हे कलम १४ च्या शब्दांत उलगडत नाही. शिवाय अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर राहणारा माणूस कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतोच. त्याचा आधार म्हणजे तो करार. छापील नमुन्यात रंगकाम आणि वीजबिल असते, टाकीचा उल्लेख शोधावा लागतो. टाकी शेवटची कधी उपसली, एवढी एक ओळ करारात आली तरी निम्मे भांडण मिटेल.

आतापर्यंतचा वाद पैशांचा होता. तो जिवावर बेततो, जेव्हा दोघेही पैसे वाचवायला माणूस बोलावतात. मे २०२३ मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यातील भाऊचा तांडा येथे, सेप्टिक टँक साफ करताना पाच कामगार गुदमरून मरण पावले. गाळ ढवळला की त्यात अडकलेला हायड्रोजन सल्फाइड एकदम मोकळा होतो. सडक्या अंड्याचा त्याचा वास सुरुवातीला येतो. प्रमाण वाढले की हा वायू घ्राणशक्तीच बधिर करतो. ‘वास गेला, आता उतरायला हरकत नाही’ हा समज म्हणूनच घातक आहे. पहिला खाली कोसळतो आणि त्याला काढायला दुसरा उतरतो. एकाच टाकीत अनेक मृत्यू होण्यामागे बहुतेक वेळा हेच असते.

कायद्याची दृष्टी येथे बदललेली दिसते. १९९३चा कायदा मुख्यतः कोरड्या संडासांविरुद्ध होता. २०१३च्या कायद्याने सेप्टिक टँकची धोकादायक सफाईही प्रतिबंधित केली आणि ‘प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष’ अशा सफाईसाठी माणूस नेमण्यास कोणत्याही व्यक्तीला मनाई केली. पहिल्या गुन्ह्यालाच दोन वर्षांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘कोणतीही व्यक्ती’ या शब्दांत मालकही येतो आणि किरायेदारही. मार्च २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी १० लाख रुपये भरपाई ठरवली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. या दोहोंच्या मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा १७ सप्टेंबर २०२१चा निर्णय येतो. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीतील एका गृहनिर्माण संस्थेची टाकी साफ करताना तिघांचा मृत्यू झाला होता. टाकी खाजगी, कंत्राटदार खाजगी. तरीही न्यायालयाने शासनाला प्रत्येक विधवेस १० लाख रुपये देण्यास सांगितले आणि ती रक्कम दोषींकडून वसूल करण्याची मुभा ठेवली. टाकी कोणाच्या जागेत होती, यावर त्या बायकांची भरपाई अडून राहिली नाही.

सातारा जिल्ह्यातील वाई नगरपरिषदेने २०१८ मध्ये वेगळीच वाट धरली. टाकी तुंबल्यावर फोन येण्याची वाट न पाहता, ठरावीक क्रमाने दर तीन वर्षांनी शहरातील टाक्या यंत्राने उपसायच्या, गाळ प्रक्रिया केंद्रात न्यायचा आणि खर्च घरमालकांकडून स्वच्छता कराच्या रूपाने घ्यायचा. नाशिक जिल्ह्यातील सिन्नरनेही ही पद्धत स्वीकारली. या व्यवस्थेत टाकीचे वेळापत्रक पालिकेच्या नोंदवहीत राहते. घरात कोण राहते, तो कधी आला, त्याच्या आधी कोण होते, हे प्रश्न उरत नाहीत. सक्शनची गाडी दारात येते तेव्हा विचारले जाते ते इतकेच: टाकीचे झाकण कोणत्या फरशीखाली आहे? पुष्कळ घरांत त्याचे उत्तर द्यायला आधी फरशी फोडावी लागते.