सिरोंचाला बंदर व्हायचं होतं



अहेरीपासून समुद्र किती लांब आहे, असं कोणी विचारलं तर आपण हसतो. आपल्यातल्या बहुतेक जणींनी तो टीव्हीवरच पाहिलाय. पण पाण्याची वाट धरली तर समुद्र आपल्या दारातूनच सुरू होतो. प्राणहितेत सोडलेला दिवा सिरोंचापाशी गोदावरीला मिळतो, आणि गोदावरी भद्राचलम, राजमहेंद्री करत बंगालच्या उपसागराला जाते. दीडशे वर्षांपूर्वी इंग्रज सरकारने याच वाटेवर आगबोटी चालवायचं ठरवलं होतं. ते जमलं असतं तर सिरोंचा आज नदीवरचं मोठं बंदर असतं, आणि अहेरीच्या घाटावर आपण डोंग्यांऐवजी बोटी पाहिल्या असत्या.

ही गोष्ट आज सांगायला कारण आहे. गटांच्या बैठकांत एक वाक्य अलीकडे फार ऐकू येतं: "त्या बाहेरच्या आहेत." कधी ते बंगाली ताईंबद्दल असतं, कधी तेलुगू बोलणाऱ्यांबद्दल, कधी खाणीच्या कामामागे आलेल्या कुटुंबांबद्दल. कर्जाचा नंबर लावताना किंवा एखादं काम कोणत्या गटाला द्यायचं हे ठरवताना ते हमखास निघतं. म्हणून आम्ही समन्वयक बायांनी ठरवलं, की या काठावर कोण कधी आलं आणि कोणी आणलं, ते एकदा नीट सांगायचं.

आधी गावांची नावं घ्या. आलापल्ली, नागेपल्ली, एटापल्ली, मोलमपल्ली. 'पल्ली' म्हणजे तेलुगूत गाव. आपल्या माडिया बहिणी गावाला 'नार' म्हणतात. तरी एटापल्लीसारख्या माडियांच्या मुलखातल्या गावाचं नाव तेलुगू वळणाचं आहे. म्हणजे या दोन भाषा इथे फार पूर्वीपासून शेजारी नांदतात. आणि त्या एकमेकींना परक्याही नाहीत. गोंडी, माडिया आणि तेलुगू एकाच द्राविडी घराण्यातल्या. मराठी आणि बंगाली दुसऱ्या घराण्यातल्या. पाण्याला गोंडीत 'येर', तेलुगूत 'नीळ्ळू', बंगालीत 'जल'. 'वार'ने संपणारी आडनावं घ्या, आपल्याकडे घरटी सापडतील. ते 'वार' तेलुगूतल्या 'वारू'वरून आलंय, ज्याचा अर्थ अमक्या घरचे, तमक्या गावचे असा होतो. घरात पिढ्यान् पिढ्या मराठी बोलणारी कितीतरी कुटुंबं आडनावात तेलुगू घेऊन फिरतात आणि त्यांना ते ठाऊकही नसतं.

हा सगळा मुलूख चांद्याच्या गोंड राजांचा. १७५१ मध्ये नागपूरच्या भोसल्यांनी चांदा घेतलं, पण जंगलातल्या गोंड जमीनदाऱ्या चालू राहिल्या. त्यांत अहेरीची सर्वांत मोठी. आत्राम घराण्याच्या या गढीभोवतीच अहेरी वाढली. दसऱ्याला राजवाड्यावर आजही दूरदूरच्या गावांतून माणसं येतात ती त्या जुन्या नात्यानेच. तिकडे सिरोंचावर मात्र निजामाचा अंमल होता. तिथे तलावाच्या पाण्यावर धान पिकवणारे तेलुगू शेतकरी, गुरं-मेंढ्या राखणारे गोल्ला, विणकाम करणारे नेतकानी आणि पद्मशाली, शिवाय मादगी, मन्नेवार अशी वस्ती. नदीपलीकडे काळेश्वराचं देऊळ. सोयरीक दोन्ही काठांवर होत असे, आजही होते. नदी ही सीमा आहे हे त्या लोकांना फार उशिरा कळलं.

१८५४ मध्ये नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. चारच वर्षांत मोलमपल्लीच्या बाबुराव शेडमाकेंनी गोंड, माडिया आणि रोहिले तरुणांना जमवून उठाव केला, अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांना मिळाले. २९ एप्रिल १८५८ ला प्राणहितेच्या काठी चिंचगुंडीला तारखात्याच्या तळावर हल्ला झाला आणि गार्टलंड आणि हॉल हे दोन इंग्रज मारले गेले. त्या वेळी अहेरीची जमीनदारी एका बाईच्या हाती होती, लक्ष्मीबाईंच्या. त्यांच्या माणसांनी बाबुरावांना पकडून इंग्रजांच्या हवाली केलं, आणि २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. लक्ष्मीबाईंना बक्षीस म्हणून ६७ गावं मिळाली.

या बाईंना आपण काय म्हणायचं यावर आम्हां समन्वयकांतच एकमत नाही. फितुरी ती फितुरीच, असं काही जणी म्हणतात. काहींना वाटतं की इंग्रज अधिकारी जमीनदारी काढून घेण्याची भीती घालत असताना एकट्या बाईपुढे दुसरा रस्ता कोणता होता, हेही विचारायला हवं. आम्हाला एवढंच दिसतं, की बाबुरावांची जयंती आपण करतो आणि ते योग्यच आहे, पण अहेरी चालवणाऱ्या त्या बाईचं नाव मुलींना शाळेत कोणी सांगत नाही, बरं म्हणून नाही आणि वाईट म्हणूनही नाही.

आता बोटींकडे वळू. १८६० मध्ये निजामाने गोदावरीच्या डाव्या काठचा पट्टा इंग्रजांना दिला. त्याचा 'अप्पर गोदावरी' जिल्हा झाला आणि ठाणं झालं सिरोंचा. म्हणजे गडचिरोली खेडं होतं तेव्हा सिरोंचा जिल्ह्याचं गाव होतं! इंग्रजांना या काठाचं एवढं अप्रूप का? कापसासाठी. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस बंद झाला आणि विलायतेतल्या गिरण्या अडल्या. हिंगणघाटचा, वऱ्हाडचा कापूस समुद्रापर्यंत स्वस्तात न्यायचा तर नदी हवी. खाली राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला मोठं धरण बांधणारे सर आर्थर कॉटन या योजनेचे मोठे पुरस्कर्ते होते.

अडचण होती खडकांची. नदीत तीन ठिकाणी खडकांचे लांबलांब पट्टे आडवे आले होते. पहिला भद्राचलमजवळ दुम्मुगुडेमला, दुसरा सिरोंचाखाली इंचमपल्लीला, आणि तिसरा प्राणहितेत आपल्याच तालुक्यातल्या देवलमरीला. हे खडक टाळायला बाजूने कालवे खोदायचे, बांध घालायचे, दारं बसवून बोटी वर चढवायच्या, असं काम होतं. त्यासाठी खालच्या मुलखातून मजूर आणले. जंगलातल्या तापाने त्यांचे फार हाल केले. जे परत गेले ते गेले, काही इथेच राहिले असणार. मजुरांची नावं कोणी लिहून ठेवत नाही, साहेबांची राहतात.

दुम्मुगुडेमचा बांध आजही उभा आहे. वरची कामं मात्र अर्धवट राहिली, कारण १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली. कापूस पश्चिमेकडे वळला, मुंबई फुगली आणि आपली नदी मोकळी पडली. १८७१ मध्ये सरकारने योजना सोडून दिली. १८७४ मध्ये जिल्हाच मोडला, भद्राचलमकडचा भाग मद्रासकडे गेला आणि सिरोंचा चांद्याची एक तहसील झाली. एखाद्या घरी मांडव घातला आणि वरात दुसऱ्याच गावाला गेली, तसं झालं ते.

त्यानंतर या भागाला किंमत राहिली ती सागवानाची. आलापल्लीचं सागवान, वनखात्याचे डेपो, आरागिरण्या, आणि त्यांच्यामागे बाबू, ठेकेदार, दुकानदार आले. वाढ त्या अंगाने झाली. १९५१ मध्ये जमीनदारी कायद्याने संपली. त्या वेळी आपण मध्य प्रदेशात होतो. १९५६ ला मुंबई राज्यात गेलो, १९६० ला महाराष्ट्रात, आणि २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. १९५० साली जन्मलेली आजी एकाच घरात राहून तीन राज्यांची आणि दोन जिल्ह्यांची झाली.

बंगाली बहिणींचं येणं वेगळं. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून निर्वासित होत आले ते लोक. छावण्यांत काही वर्षं काढल्यावर १९६०च्या दशकात सरकारने त्यातल्या काहींना आपल्या भागात आणून वसवलं. मुलचेरा तालुक्यातली सुंदरनगर, विवेकानंदपूर ही नावं पाहा, ना पल्ली ना टोला. नदीनाल्यांच्या ओल्या देशातून आलेल्या माणसांना सागाच्या रानात सोडलं, आणि त्यांनी तिथे धानाच्या बांध्या केल्या, तळी खोदली, मासे वाढवले. आज आठवडी बाजारातली निम्मी भाजी कोणाच्या टोपलीतून येते ते तुम्हीच सांगा. पण दुसरी बाजूही सांगायला हवी. ती जमीन कागदावर जंगल होती, आसपासच्या गोंड-माडिया गावांसाठी मात्र ते मोहाचं, तेंदूचं, गुरांच्या चराईचं रान होतं. त्यांना कोणी विचारलं नाही. येणाऱ्यांनाही कुठे जायचंय असं कोणी विचारलं नव्हतं. दोन्हीकडच्या बायांचा राग एकमेकींवर निघतो. ठरवणारा तिसराच होता, तो कधीच निघून गेलाय.

"कोण कधी आलं" हा प्रश्न नुसत्या गप्पांचा नाही, कागदाचा आहे. वनहक्क कायदा २००६चा. त्यात आदिवासी कुटुंबाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा कब्जा दाखवावा लागतो. इतरांना मात्र त्याआधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास. हिशेब केला तर १९३० पासूनचा. १९६०च्या दशकात सरकारनेच आणलेलं बंगाली कुटुंब हा पुरावा आणणार कुठून? जातीच्या दाखल्याचं तसंच. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा रहिवास लागतो, अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५०चा, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१चा, इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७चा. नमोशूद्र पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातीत आहेत, महाराष्ट्राच्या यादीत नाहीत. आणि नदीपलीकडून सून म्हणून आलेल्या बाईचे कागद तिच्या वडिलांच्या राज्याचे, म्हणून तिची सवलत इथे अडते. ज्या काठांमध्ये आजी डोंग्याने सोयरीक करून आली, त्याच काठांमध्ये नात दाखल्यासाठी हेलपाटे घालते. म्हणून घरातले जुने कागद, सासऱ्यांच्या शाळेचा दाखला, जुना सातबारा, कोतवाल बुकाची नक्कल, हे पत्र्याच्या पेटीत जपून ठेवा. चुलीजवळच्या फळीवर नको.

नदीचे बेत अजून संपलेले नाहीत. २०१९ मध्ये सिरोंचाच्या खाली मेडीगड्डाचं धरण सुरू झालं, तेलंगणाच्या पाण्यासाठी. सिरोंचाच्या शेतकऱ्यांच्या वाट्याला बुडालेली शेती आणि मोबदल्याचे अर्ज आले. सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक रस्त्यावर रात्रंदिवस धावतात आणि त्यांच्याबरोबर झारखंड, ओडिशाची माणसं येतात. भाड्याच्या खोल्या वाढल्या, खानावळी वाढल्या. आमच्या एका गटाने त्यातच डब्यांचा धंदा धरलाय, आणि त्या गटात गोंड, तेलुगू आणि बंगाली अशा तिन्ही घरच्या बाया आहेत. भाजीत काय टाकायचं यावर त्यांचं रोज भांडण होतं, डबे मात्र वेळेवर जातात.

थंडी सरू लागली की आपल्याच गावांतल्या बाया मिरची तोडायला पुलावरून पलीकडे तेलंगणात जातात. दोन-तीन महिने शेताच्या कडेला ताडपत्रीखाली राहायचं, किलोवर मजुरी घ्यायची, पोरांची शाळा बुडवायची. तिथल्या दुकानदाराला, पाणवठ्यावरच्या बायांना आपण कोण वाटतो? ज्यांना थोडी तेलुगू येते त्यांना पाणी लवकर मिळतं, हे जाऊन आलेल्या कोणालाही विचारा. ती तेलुगू त्या कुठून शिकल्या? आपल्याच गटातल्या शेजारणीकडून.

पुढच्या बैठकीत हप्ता गोळा झाला की दहा मिनिटं काढा. ठराव वहीच्या मागच्या पानावर प्रत्येकीने आपल्या सासूचं माहेर, आजीचं माहेर आणि त्या कोणत्या रस्त्याने इथे आल्या, ते लिहायचं. लिहिता येत नसेल तिचं सचिवताईंनी लिहावं, ती सांगेल त्याच शब्दांत. माडियात सांगितलं तर माडियात. वह्या आमच्याकडे आल्या की त्यातलं काही, तुमची परवानगी घेऊन, याच वेळी रेडिओवर वाचू.