‘अवतार’ : एका खेळाचा इतिहास

श्रोतेहो, ‘अवतार’ हा शब्द आपल्या घरांत दोन अर्थांनीं नांदतो. ईश्वरानें पृथ्वीवर उतरून येणें, हा त्याचा मूळ अर्थ. आणि चिखलानें माखून आलेल्या मुलाला पाहून आई ‘काय हा अवतार!’ म्हणते, तो दुसरा. संगणकावरील खेळांनीं त्यास तिसरा अर्थ दिला. पडद्यावरील काल्पनिक जगांत आपल्या वतीनें वावरणारी जी आकृति, तिलाही आतां जगभर अवतारच म्हणतात. या अर्थाच्या प्रसारांत एका खेळाचा मोठा वांटा आहे. त्याचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. कारण नीतीचा एक जुना प्रश्न त्यांत नव्या वेषानें उभा राहिला.

रिचर्ड गॅरियट हा अमेरिकेंतील टेक्सास संस्थानांत वाढला. त्याचे वडील ओवेन गॅरियट हे अंतराळवीर. १९७३ सालीं ते स्कायलॅब या अंतराळस्थानकांत राहून आले. मुलाचें मन मात्र टोल्किनच्या अद्भुत कादंबऱ्यांत, आणि फांसे टाकून व कथा रचीत खेळावयाच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या १९७४ सालीं निघालेल्या खेळांत रमलें. १९८१ सालीं त्याचा ‘अल्टिमा’ प्रसिद्ध झाला. त्यांत नगरें होतीं, भुयारें होतीं, राक्षस होते. आणि शेवटीं एका दुष्ट मांत्रिकाचा वध करावयाचा होता. पुढील दोन भागांचा सांचाही असाच. परंतु जिंकण्याच्या घाईंत खेळाडू दुकानें लुटीत, निरपराध ग्रामस्थांस ठार करीत, आणि तरीही अखेरीस वीर म्हणून मिरवीत. खेळास त्याचें कांहींच सोयरसुतक नव्हतें. ही विसंगति गॅरियटला बोंचूं लागली.

१९८५ सालच्या चौथ्या भागांत त्यानें हिंदु परंपरेंतील अवतार हा शब्द उचलला आणि शेवटचा शत्रूच काढून टाकला. सत्य, प्रेम व धैर्य या तीन तत्त्वांपासून त्यानें आठ गुण सिद्ध केले : प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, मान, अध्यात्म आणि नम्रता. हे आठही अंगीं बाणवून ‘अवतार’ पदास पोहोंचणें, हेंच साध्य. त्या जगांत वनौषधि विकणारी एक आंधळी स्त्री भेटते. मालाबद्दल किती मोहरा ठेवावयाच्या, हें खेळणारानेंच ठरवावयाचें. कमी ठेवल्या तरी कोणी हटकीत नाहीं. पण प्रामाणिकपणाच्या खात्यांतून गुपचूप वजावट होते, आणि पुढें वाट अडते.

१९८८ सालच्या पांचव्या भागांत गॅरियटनें स्वतःच्याच सिद्धांताची उलटतपासणी केली. राजा बेपत्ता होतो, आणि ब्लॅकथॉर्न नांवाचा कारभारी तेच आठ गुण कायद्यानें सक्तीचे करतो. खोटें बोलणाराची जीभ जावी, असे दंड फर्मावले जातात. गुण तेच, पण प्रजा भयानें कांपते.

१९९७ सालीं ‘अल्टिमा ऑनलाइन’ आला. आतां खरींखुरीं हजारों माणसें आपापल्या घरून एकाच जगांत उतरलीं. अनुभवी खेळाडू नवख्यांस वाटेंत गांठून मारूं व लुटूं लागले. निर्मात्यांनीं दुर्लौकिकाचे व शिक्षेचे उपाय करून पाहिले. अखेर २००० सालीं त्यांनीं त्या जगाचीं जुळीं जगें केलीं : एकांत पूर्वीचीच मोकळीक; दुसऱ्यांत संमतीवांचून दुसऱ्या खेळाडूवर शस्त्र चालविणें अशक्य. तेथें नवखे निर्धास्त झाले, हें खरेंच. पण जेथें वाईट करतांच येत नाहीं, तेथें चांगुलपणाची परीक्षा कशी व्हावी? १९८८ सालीं कथेंत विचारलेला प्रश्न बारा वर्षांनीं निर्मात्यांच्याच दारीं येऊन उभा राहिला.

श्रोतेहो, अशा खेळांकडे आपण बहुधा कालापव्यय म्हणून पाहतों. मुलगा किती वेळ खेळला, हें आपण विचारतों, तें विचारावेंच. पण त्या जगांत त्यानें काय केलें, हेंही विचारावें. कोणी पाहत नसतां त्या आंधळ्या स्त्रीपुढें त्यानें किती मोहरा ठेवल्या, या उत्तरांत त्याची ओळख पटण्याचा संभव अधिक आहे.