माळीबुवांची हिवाळी शाळा

गेल्या गणपतीतली गोष्ट. इथे नॉर्थ कॅरोलायनात आमच्या एका मित्राकडे दीड दिवसाचा गणपती असतो. पूजेची सगळी मांडामांड झाली, मोदक उकडायला ठेवले, आणि ऐनवेळी वहिनींच्या लक्षात आलं की दूर्वा राहिल्या! मित्राचा मुलगा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला. सबंध उन्हाळा त्यानं जवळच्या गोल्फ कोर्सवर काम केलं होतं. मी म्हटलं, "अरे, तुमच्याकडे तर एकरांनी दूर्वा असतील. आण की एकवीस जुड्या!" तर म्हणाला, "काका, तिथल्या नको. परवाच फवारणी झालीय. आपल्या मागच्या अंगणात आहेत, त्या आणतो." पाच मिनिटांत पठ्ठ्या तीन-तीन पात्यांच्या कोवळ्या दूर्वा धुऊन घेऊन हजर.

खरा बॉम्ब जेवणाच्या पानावर फुटला. त्याला इंजिनियरिंग नको, कंप्युटर नको. त्याला गोल्फ कोर्सच्या देखभालीचं शिक्षण घ्यायचंय! वहिनींच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली. मित्र म्हणाला, "शेवटी माळीच व्हायचं होतं, तर आपलं गाव काय वाईट होतं? त्यासाठी सात समुद्र कशाला ओलांडले?" मग माझ्याकडे वळून, "तू तरी सांग त्याला काहीतरी!"

मी काहीच सांगू शकलो नाही. कारण मला आठवत होता २००४ सालचा ॲमहर्स्टचा जानेवारी.

मी तेव्हा युनिव्हर्सिटी ऑफ मॅसॅच्युसेट्समध्ये मास्टर्स करत होतो आणि खर्चाला हातभार म्हणून कंप्युटर लॅबमध्ये मदतनिसाचं काम करायचो. बाहेर गुडघाभर बर्फ. एके संध्याकाळी पन्नाशीचा एक दणकट गृहस्थ आला. हातांना घट्टे, चेहरा उन्हानं रापलेला. त्याला स्प्रेडशीटमध्ये खतांचा वर्षाचा हिशेब मांडायचा होता. तासभर आम्ही बसलो. तो एका गोल्फ कोर्सवर कामाला होता आणि हिवाळ्यात 'शाळेत' आला होता. त्याचे वडीलही याच धंद्यातले. "माझे वडील गवत मारून मारून शिकले," तो म्हणाला, "मला ते न मारता शिकायचंय." मी हसलो, आणि विसरूनही गेलो. पुढे कुतूहल वाटलं आणि या शाळेचा इतिहास वाचत गेलो. त्या दिवशी मित्राला जे सांगता आलं नाही, ते इथे सांगतो.

गोल्फची जन्मभूमी स्कॉटलंड. समुद्रकाठची वाळूची जमीन, थंड दमट हवा आणि तिथंच आपोआप उगवणारं बारीक गवत. ते कापायला माणूस लागत नसे, मेंढ्या आणि ससे ते काम फुकटात करत. गवत कापायचं यंत्र आलं ते १८३० साली. इंग्लंडच्या एडविन बडिंगनं कापडावरची लव कातरणाऱ्या गिरणीतल्या यंत्रावरून ते बेतलं. या मैदानांची राखण करणारा तो 'कीपर ऑफ द ग्रीन'. त्यातला सर्वांत नामवंत म्हणजे सेंट अँड्र्यूजचा ओल्ड टॉम मॉरिस (१८२१–१९०८). चेंडू बनवणारा कारागीर, चार वेळा ओपन स्पर्धा जिंकणारा खेळाडू, आणि शिवाय मैदानाचा रखवालदार. एकदा त्याच्या ढकलगाडीतली वाळू चुकून हिरवळीवर सांडली आणि तिथलंच गवत जोमानं वाढलं, अशी आख्यायिका आहे. तेव्हापासून हिरवळीवर वाळू पसरणं हा त्याचा मंत्र झाला, आणि आजही जगभर ते केलं जातं. रविवारी मैदान बंद ठेवण्याचा त्याचा आग्रह असे. खेळाडूंना विश्रांती नको असली तरी जमिनीला हवी, हे त्याचं म्हणणं.

शिक्षण म्हणाल तर हे आपल्याकडच्या गुरुकुलासारखं. उस्तादाच्या हाताखाली राबायचं आणि बघून शिकायचं. टॉमकडे असाच एक डोनाल्ड रॉस नावाचा तरुण शिकला. तो १८९९ मध्ये अमेरिकेला आला आणि पुढच्याच वर्षी आपल्या नॉर्थ कॅरोलायनात, पाइनहर्स्टला. पुढे तो अमेरिकेतला अत्यंत नावाजलेला गोल्फ कोर्स-रचनाकार झाला. पण गंमत पाहा. या साक्षात टॉमच्या शिष्याच्या पाइनहर्स्टमध्ये १९३०च्या दशकाच्या मध्यापर्यंत ज्याला 'ग्रीन' म्हणतात, म्हणजे चेंडू ज्यातल्या भोकात घालवायचा ती जागा, ती हिरवी नव्हतीच! तेल शिंपडून दाबलेल्या वाळूची होती. स्कॉटलंडचं गवत इथल्या उन्हाळ्यात टिकेना.

माझ्या मते या सगळ्या इतिहासाची मेख इथेच आहे. हाताला 'कसं' ते ठाऊक असतं. पण 'का' ते ठाऊक नसेल, तर गाव बदललं की हात फसतो. आपल्यासारख्या देश बदललेल्यांना हे वेगळं सांगायला नको. भारतातून आणलेली वांग्याची बी इथल्या मातीत लावून पाहिलेल्यांना तर नकोच नको.

'का'चा शोध सुरू झाला पत्रव्यवहारातून. फिलाडेल्फियाजवळच्या मेरियन क्लबचा ह्यू विल्सन हा विमा व्यवसायातला गृहस्थ. १९११ मध्ये त्यानं वॉशिंग्टनला सरकारी शेतकी खात्यातल्या चार्ल्स पायपर आणि रसेल ओकली या शास्त्रज्ञांना गवताबद्दल पत्रं लिहायला सुरुवात केली. त्या दोघांनी १९१७ साली गोल्फच्या हिरवळीवर पुस्तक लिहिलं. १९२० मध्ये अमेरिकन गोल्फ संघटनेनं 'ग्रीन सेक्शन' काढला. वॉशिंग्टनजवळ आर्लिंग्टनला गवताचे प्रयोगाचे वाफे होते. ती जागा पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी लष्कराकडे गेली, आणि आज त्या भागात पेंटॅगॉन उभं आहे!

पण हे सगळं ज्ञान जायचं क्लबच्या सभासदांकडे, कमिटीवरच्या साहेबांकडे. प्रत्यक्ष चिखलात उभा असलेला ग्रीनकीपर हुकूम ऐकणारा गडीच राहिला. गवत जळलं की नोकरी जायची, आणि ते का जळलं हे सांगायला त्याच्याकडे शब्द नसायचे. अखेर १३ सप्टेंबर १९२६ रोजी ओहायोतल्या टोलीडोजवळ साठ ग्रीनकीपर एकत्र आले आणि त्यांनी आपली राष्ट्रीय संघटना काढली. जॉन मॉर्ली तिचे पहिले अध्यक्ष. तोवर या धंद्यात आपापली युक्ती लपवून ठेवायची रीत होती. संघटनेनं लगोलग मासिक काढलं आणि परिषद भरवली. म्हणजे लपवलेल्या युक्त्या चव्हाट्यावर आणल्या.

आणि १९२७ मध्ये मॅसॅच्युसेट्स ॲग्रिकल्चरल कॉलेजात, म्हणजे माझ्याच ॲमहर्स्टला, लॉरेन्स डिकिन्सन या प्राध्यापकानं ग्रीनकीपरांसाठी दहा आठवड्यांची हिवाळी शाळा सुरू केली. या प्रकारची ही पहिली शाळा मानली जाते. हिवाळीच का? कारण बर्फ पडला की मैदान बंद. हाताला काम नाही, पण डोक्याला सवड आहे. ज्याच्या गाठीला पदवी नाही, ज्यानं शाळा लहानपणीच सोडली, त्यानं या दिवसांत यावं. माती कशी ओळखायची, पाण्याचा निचरा कसा करायचा, कीड कोणती आणि रोग कोणता, असले धडे गिरवावेत आणि बर्फ वितळला की पुन्हा कामावर जावं.

आपल्या मंडळींना इथे एक गोष्ट आवर्जून सांगाविशी वाटते. ही शेतकी कॉलेजं निघाली लिंकनच्या काळातल्या १८६२च्या कायद्यामुळे. शेती आणि यंत्रविद्या यांचं शिक्षण कष्टकरी वर्गाला मिळावं म्हणून सरकारनं राज्यांना जमिनी दिल्या. मॅसॅच्युसेट्समध्ये त्या पैशाचा एक वाटा या शेतकी कॉलेजला मिळाला आणि दुसरा कोणाला, माहीत आहे? एमआयटीला! ज्या एमआयटीचं नाव घेताना आपला ऊर भरून येतो, ती आणि ही माळीबुवांची शाळा एकाच ताटात जेवलेल्या आहेत.

पुढची वाट मग रुंद होत गेली. पेन स्टेटमध्ये बर्टन मसर यांनी गवतावर संशोधन सुरू केलं. तिथून १९५५च्या सुमारास आलेलं 'पेनक्रॉस' गवत जगभरच्या हिरवळींवर पोचलं. १९५७ पासून तिथे या विषयाचा दोन वर्षांचा खास अभ्यासक्रम आहे. हुद्दाही बदलत गेला. 'ग्रीनकीपर'चा 'सुपरिंटेंडेंट' झाला आणि १९५१ मध्ये संघटनेनंही तेच नाव घेतलं.

आता थोडं आपल्या दूर्वांकडे वळू. ज्या हरळीला आपला शेतकरी शिव्या घालत खणून काढतो आणि जी आपण गणपतीला वाहतो, तिलाच इथे 'बर्म्युडा ग्रास' म्हणतात. जॉर्जियातल्या टिफ्टन गावी ग्लेन बर्टन (१९१०–२००५) या शास्त्रज्ञानं या हरळीचा आफ्रिकेतल्या तिच्या चुलत बहिणीशी संकर केला. त्यातून १९५६ मध्ये 'टिफग्रीन' आणि पुढे 'टिफवे', 'टिफड्वार्फ' ही गवतं निघाली. उष्ण प्रदेशातल्या गोल्फचं रूपच त्यांनी पालटलं. पण बर्टनसाहेबांची आपल्याशी नाळ याहून घट्ट आहे. ते बाजरीवरही काम करत. बाजरीची फुलं इतकी बारीक की हातानं संकर करून बियाणं पुरवणं अशक्य. त्यांनी परागच न धरणारं 'टिफ्ट २३ ए' हे वाण तयार केलं आणि भारताला दिलं. त्यापासून लुधियानात १९६५ मध्ये 'एचबी-१' ही आपली पहिली संकरित बाजरी निघाली. पुढे सत्तरीच्या दशकात या बियाण्यांवर गोसावी रोग पडून मोठं नुकसान झालं आणि शास्त्रज्ञांना पुन्हा कामाला लागावं लागलं, हेही खरं. पण कोरडवाहू मुलखातल्या ज्या भाकरीवर आपल्यातल्या अनेकांचे आजी-आजोबा वाढले, तिची आणि गोल्फच्या हिरवळीची चिंता एकच माणूस वाहत होता, हे मला फार मोलाचं वाटतं.

या धंद्याला काळी बाजूही आहे. एके काळी हिरवळीवरच्या बुरशीसाठी सर्रास पाऱ्याची औषधं वापरली जात. ती मातीत जाणार, पाण्यात उतरणार, याचा विचार कोण करतो? १९६२ मध्ये रेचल कार्सनच्या पुस्तकानं कीटकनाशकांबद्दल देश जागा केला. १९७२च्या कायद्यानं जहाल औषधांसाठी परवानाधारक माणूस सक्तीचा केला. त्याच सुमारास, १९७१ मध्ये, सुपरिंटेंडेंटांच्या संघटनेनं आपणहून प्रमाणपत्राची परीक्षा सुरू केली. त्यात लेखी परीक्षा तर आहेच, पण जाणकार मंडळी प्रत्यक्ष मैदानावर येऊनही तपासणी करतात. शंभर-दीडशे एकर जमीन, तीन मिलिमीटर उंचीवर कापलेलं आणि त्यामुळे कायम आजारपणाच्या उंबरठ्यावर असलेलं गवत, लाखो डॉलर्सचा हिशेब, आणि खाली सगळ्या गावाचं पाणी. हे सांभाळणाऱ्याला 'का' ठाऊक नसेल तर नुसतं गवत मरून थांबत नाही.

आम्हा आयटीवाल्यांसाठी एक टिप्पणी. पेन स्टेटनं १९९८ मध्ये इंटरनेटवरून शिकवण्यासाठी 'वर्ल्ड कॅम्पस' उघडला, तेव्हा सुरुवातीच्या मोजक्या अभ्यासक्रमांत कोण होतं? हिरवळ-व्यवस्थापन! ज्याला काम सोडून येता येत नाही त्याच्याकडे शाळेनं जावं, ही १९२७ मधली हिवाळी कल्पनाच नव्या कपड्यांत आली. आणि हो, गवत बंगलोरला पाठवून कापून आणता येत नाही. आमच्या धंद्यात दर दोन वर्षांनी धडकी भरते, तशी भीती तिथे नाही!

पाइनहर्स्टचा पुढचा अध्याय तर ताजा आहे. २०१०-११ मध्ये तिथल्या दुसऱ्या क्रमांकाच्या कोर्सचा जीर्णोद्धार झाला. पस्तीसेक एकर हिरवळ चक्क काढून टाकून तिथे मूळची वाळू आणि रानगवत परत आणलं. पाण्याचे निम्म्याहून अधिक फवारे गेले. २०१४ मध्ये तिथे पुरुष आणि महिला, दोन्ही यू.एस. ओपन लागोपाठ झाल्या. त्याच वर्षी ग्रीन्सवर संकरित बर्म्युडा आलं, आणि २०२४ची यू.एस. ओपन आपल्या दूर्वांच्या त्या नातीवरच खेळली गेली. शिकलेला माणूस जास्त पाणी, जास्त औषध घालतो असं नाही. कुठे घालू नये, हे त्याला कळतं. "काका, तिथल्या नको, फवारणी झालीय" म्हणणारा मुलगा त्या दिवशी तेच तर दाखवत होता.

हे सगळं मी मित्राला यथावकाश सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "इतिहास ठीक आहे रे, पण पोराला उन्हातान्हात पहाटे चारला उठावं लागणार." मी म्हटलं, "लागणार. आणि आपल्याला प्रॉडक्शन बंद पडलं की रात्री दोनला उठावं लागतं." यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. पण खरं सांगायचं तर त्याच्या काळजीवर माझ्याकडेही नव्हतं. बापाची काळजी इतिहासानं जात नाही.

मुलाला दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला आहे. आजी-आजोबांना फोनवर 'शेतकी कॉलेज' असं सांगितलंय, आणि ते काही खोटं नाही. परवा मित्राच्या लॉनवर तपकिरी डाग पडले. दुकानातून औषधाचा डबा आणलान, पण उघडला नाही. म्हणाला, "थांब, आधी त्याला विचारतो."