डायल-अप मोडेम ड्रायव्हर

डायल-अप मोडेम ड्रायव्हर म्हणजे संगणकाची संचालन प्रणाली आणि दूरध्वनीच्या तारेवरून आंतरजालाशी जोडणी करणारा मोडेम यांच्यात दुवा साधणारी आज्ञावली होय. ब्रॉडबँड सेवा रुजण्यापूर्वी, म्हणजे साधारणतः १९९५ ते २००५ या दशकात, भारतातील घरगुती संगणक मुख्यतः डायल-अप पद्धतीनेच आंतरजालाशी जोडले जात. जोडणी होईनाशी झाली की दोष मोडेमचा, ड्रायव्हरचा, की दूरध्वनीच्या लाइनचा हे ठरवणे सामान्य वापरकर्त्यास कठीण जाई, कारण तिन्ही दोषांचे बाह्य लक्षण सारखेच असते. काही मोडेममध्ये ड्रायव्हर हा केवळ निरोप्या असतो, तर काहींमध्ये मोडेमचे जवळजवळ सर्व काम ड्रायव्हरच करतो. त्यामुळे दोषनिदानाचा आरंभ मोडेमचा प्रकार ओळखण्यापासून करावा लागतो.

## पार्श्वभूमी

भारतात सर्वसामान्यांसाठी आंतरजाल सेवा विदेश संचार निगम लिमिटेडने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. आरंभीच्या शहरांत मुंबईचा समावेश होता. नोव्हेंबर १९९८ पासून खासगी कंपन्यांनाही ही सेवा देण्यास मुभा मिळाली. मुंबईची दूरध्वनी सेवा महानगर टेलिफोन निगमकडे होती. रत्नागिरीसह उर्वरित महाराष्ट्रातील सेवा प्रथम केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाकडे होती. १ ऑक्टोबर २००० पासून ती भारत संचार निगम लिमिटेडकडे आली. या निगमची डायल-अप सेवा 'संचारनेट' या नावाने ओळखली जाई. जोडणीसाठी मोडेम १७२ ने सुरू होणारा क्रमांक फिरवत असे.

ग्रामीण महाराष्ट्रातील एक ठळक उदाहरण म्हणजे १९९८ साली कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावांसाठी आखलेला वारणा प्रकल्प. ऊस उत्पादकांना माहिती मिळावी म्हणून गावोगावी संगणक केंद्रे उभारून ती वारणानगरशी जोडण्यात आली. पुढे जुन्या संगणकांची देखभाल डोईजड होऊ लागल्यावर काही गावांत मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या प्रयोगातून हेच काम मोबाइलवरील लघुसंदेशांकडे वळवण्यात आले.

## मोडेमचे कार्य

संगणकातील विदा अंकीय स्वरूपात असते. साधी दूरध्वनी लाइन मात्र मानवी आवाजासाठी आखलेली असून ती सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ या पट्ट्यातील ध्वनिसंकेतच वाहून नेते. मोडेम अंकीय विदेचे अशा संकेतांत रूपांतर करतो व येणाऱ्या संकेतांचे पुन्हा विदेत रूपांतर करतो. 'मॉड्युलेटर' व 'डिमॉड्युलेटर' या दोन शब्दांच्या संयोगातून त्याचे नाव बनले आहे.

मोडेमची गती टप्प्याटप्प्याने वाढली. १९९१ च्या व्ही.३२बिस मानकाची कमाल गती सेकंदाला १४.४ किलोबिट होती. १९९४ च्या व्ही.३४ ची २८.८ व नंतर ३३.६ किलोबिट झाली, तर १९९८ च्या व्ही.९० ची ५६ किलोबिट होती. ही ५६ ची गती फक्त विदा उतरवून घेण्यापुरती असून पाठवण्याची कमाल गती ३३.६ किलोबिटच राहते. प्रत्यक्षात चांगल्या लाइनवरही ४० ते ५० किलोबिट गती मिळे. या गतीने एक मेगाबाइटची फाइल उतरवण्यास सुमारे तीन मिनिटे लागतात.

## मोडेमचे प्रकार व ड्रायव्हरचे स्वरूप

बाह्य मोडेम. हा स्वतंत्र पेटीच्या रूपात असून संगणकाच्या सिरियल पोर्टला जोडला जातो. संकेतांचे रूपांतर करणारी व आज्ञा समजून घेणारी अशी दोन्ही मंडले त्याच्या पेटीतच असतात. संगणक त्याच्याशी 'एटी' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या आज्ञांद्वारे बोलतो. ही आज्ञाभाषा हेज कंपनीच्या १९८१ मधील स्मार्टमोडेमपासून रूढ झाली. अशा मोडेमचा विंडोजमधील ड्रायव्हर म्हणजे बहुतांशी आज्ञांची यादी असलेली एक छोटी मजकूर-फाइल असते. ती हरवली तरी विंडोजमधील 'स्टँडर्ड मोडेम' हा पर्याय निवडून काम भागते.

अंतर्गत हार्डवेअर मोडेम. हा संगणकातील खाचेत बसवण्याचे कार्ड असतो, पण त्यावरील मंडले बाह्य मोडेमप्रमाणेच पूर्ण असतात.

सॉफ्टवेअर मोडेम. यास 'विनमोडेम' असेही म्हणतात. मूळात हे यूएस रोबोटिक्स कंपनीचे व्यापारी नाव होते. किंमत कमी ठेवण्यासाठी या कार्डावर दूरध्वनी लाइनशी जोडणारे मंडल व एखादी चिप एवढेच ठेवले जाते. उरलेले काम ड्रायव्हर संगणकाच्या मुख्य प्रोसेसरकडून करून घेतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून स्वस्त घरगुती संगणकांत हाच प्रकार सर्रास आढळू लागला. योग्य ड्रायव्हर नसल्यास असे कार्ड निरुपयोगी ठरते, आणि 'स्टँडर्ड मोडेम' हा पर्याय येथे चालत नाही.

## ड्रायव्हरमधील दोषांची कारणे

संचालन प्रणाली बदलणे. विंडोज ९८ साठीचा सॉफ्टवेअर मोडेमचा ड्रायव्हर विंडोज एक्सपीमध्ये चालेलच असे नाही. मराठी वापरकर्त्यांच्या बाबतीत या प्रश्नास आणखी एक पदर होता. विंडोज ९८ मध्ये युनिकोड देवनागरीची अंगभूत सोय नव्हती. ती विंडोज २००० व एक्सपीमध्ये आली. त्यामुळे युनिकोड मराठीसाठी प्रणाली बदलणाऱ्यास मोडेमचा नवा ड्रायव्हरही शोधावा लागे.

पोर्ट व इंटरप्टचा संघर्ष. जुन्या संगणकांत कॉम १ व कॉम ३ या पोर्टांना इंटरप्ट क्रमांक ४, तर कॉम २ व कॉम ४ यांना क्रमांक ३ सामाईक असे. माउस कॉम १ वर आणि मोडेम कॉम ३ वर असल्यास, मोडेम सुरू होताच माउस थिजल्याची तक्रार येई. अशा वेळी कार्डावरील जंपर बदलून मोडेम दुसऱ्या पोर्टवर न्यावा लागे.

जुनी सिरियल चिप. ८२५० किंवा १६४५० या चिपमध्ये एका वेळी एकच बाइट साठवता येते. १६५५० मध्ये सोळा बाइट साठवता येतात. जुन्या चिपवर वेगवान बाह्य मोडेम जोडल्यास काही अक्षरे गळतात व जोडणी मध्येच तुटते.

जुन्या ड्रायव्हरचे अवशेष. पहिला ड्रायव्हर न काढता दुसरा बसवल्यास दोहोंच्या फाइलींची सरमिसळ होते.

## दोषनिदान

निदान संगणकापासून नव्हे, तर लाइनपासून सुरू करावे. त्याचा सर्वसाधारण क्रम असा:

१. मोडेमची तार काढून तेथे साधा दूरध्वनी जोडावा. डायल टोन स्पष्ट यावा. एक आकडा फिरवल्यावर शांतता असावी. खरखर ऐकू आल्यास दोष लाइनचा आहे.

२. कार्डावर दोन खाचा असतात. एक लाइनसाठी व दुसरी दूरध्वनी संचासाठी. तारेची अदलाबदल झालेली नाही ना, हे पाहावे.

३. विंडोजच्या 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये मोडेमची नोंद पाहावी. पिवळे चिन्ह व संकेतांक २८ असल्यास ड्रायव्हर बसवलेला नाही. संकेतांक १० असल्यास साधन सुरू होत नाही, आणि १२ असल्यास पोर्ट किंवा इंटरप्ट मोकळा नाही, असे समजावे. एक्सपीमध्ये अनोळखी सॉफ्टवेअर मोडेम 'पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर' या नावाने दिसतो.

४. कंट्रोल पॅनेलमधील मोडेम विभागात चाचणीची सोय असते. तेथे मोडेमने उत्तरे दिल्यास ड्रायव्हर काम करत आहे असे मानता येते. हायपरटर्मिनलमध्ये 'एटी' टाइप केल्यावर 'ओके' असे उत्तर येणे ही याचीच साधी चाचणी होय.

५. मोडेम उत्तर देतो पण 'नो डायलटोन' असे म्हणतो, अशा वेळी डायल टोनची वाट न पाहण्याची सूचना देऊन पाहावी. त्यासाठी 'एटीएक्स३' ही आज्ञा वापरतात. भारतीय केंद्रांचा डायल टोन अमेरिकी टोनहून वेगळा असल्याने, परदेशी मांडणी असलेल्या मोडेमला तो ओळखता येत नाही. मोडेमच्या मांडणीत देश म्हणून भारत निवडणे हा यावरचा योग्य उपाय आहे.

६. टोनने क्रमांक लागत नसल्यास पल्स पद्धत निवडून पाहावी. जुन्या यांत्रिक केंद्रांना टोन पद्धत समजत नसे.

या चाचण्यांनी दोष ड्रायव्हरचाच ठरल्यास जुना ड्रायव्हर पूर्णपणे काढावा, संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा व मगच नवा बसवावा. विंडोज ९८ या वेळी मूळ सीडी मागते, म्हणून ती हाताशी असावी.

## दोषसंदेशांचे अर्थ

विंडोजच्या डायल-अप जोडणीत येणाऱ्या क्रमांकांवरून दोषाचे स्थान कळू शकते.

* ६३३ – पोर्ट अन्य आज्ञावलीने अडवला आहे किंवा त्याची मांडणी झालेली नाही.
* ६७६ – समोरची लाइन व्यग्र आहे.
* ६७८ – समोरून उत्तर नाही.
* ६८० – डायल टोन नाही.
* ६९१ – वापरकर्ता-नाव किंवा परवलीचा शब्द चुकला आहे.
* ६९२ – मोडेमच्या हार्डवेअरमध्ये बिघाड आहे.

६७६ व ६९१ हे संदेश आल्यास ड्रायव्हरला हात लावू नये; मोडेमने क्रमांक फिरवला याचाच ते पुरावा देतात.

## मोडेमची ओळख व ड्रायव्हर मिळवणे

सॉफ्टवेअर मोडेमचा ड्रायव्हर खोक्यावरील नावावरून नव्हे, तर कार्डावरील चिपवरून शोधावा लागतो. एकच चिप अनेक विक्रेते आपापल्या नावाने विकत असत. प्रत्येक पीसीआय कार्डात निर्मात्याचा चार अंकी संकेतांक साठवलेला असतो. कोनेक्झंटसाठी तो १४एफ१, ल्युसेंट व एजीअरसाठी ११सी१, मोटोरोलासाठी १०५७ व इंटेलसाठी ८०८६ असा आहे. एक्सपीमध्ये साधनाच्या 'डिटेल्स' पानावर तो पाहता येतो.

मालकी बदलल्यानेही शोध अवघड होतो. रॉकवेलचा अर्धवाहक विभाग १९९९ मध्ये कोनेक्झंट ही स्वतंत्र कंपनी झाला. ल्युसेंटच्या चिप विभागातून एजीअर निघाली व ती २००७ मध्ये एलएसआयमध्ये विलीन झाली. अशा बदलांत जुन्या ड्रायव्हरची पाने आंतरजालावरून नाहीशी होत गेली.

ड्रायव्हर आंतरजालावर उपलब्ध असे, पण तो उतरवण्यासाठी चालू मोडेमच हवा असे. अन्यत्र उतरवलेला अनेक मेगाबाइटचा ड्रायव्हर १.४४ मेगाबाइटच्या एका फ्लॉपीत मावत नसे. पेनड्राइव्ह वापरावा, तर विंडोज ९८ ला त्याचाही स्वतंत्र ड्रायव्हर लागे. म्हणून मोडेमसोबत आलेल्या सीडीवरील ड्रायव्हर आधीच संगणकावर उतरवून ठेवणे शहाणपणाचे ठरे. अनोळखी ठिकाणाहून आणलेल्या 'ड्रायव्हर'मधून परदेशी क्रमांक परस्पर फिरवणाऱ्या घातक आज्ञावलीही संगणकात शिरत व त्यांचा भुर्दंड दूरध्वनीच्या बिलात पडे.

## कोकणातील परिस्थिती

रत्नागिरीसारख्या डोंगराळ व अतिपर्जन्याच्या जिल्ह्यात लाइनचे दोष ड्रायव्हरच्या माथी मारले जाण्याची शक्यता अधिक असते. विखुरलेल्या वाड्यांपर्यंत तांब्याच्या तारा लांबवर न्याव्या लागतात. पावसाळ्यात केबलच्या जोडांत पाणी शिरले की खरखर वाढते, मोडेम गती उतरवतो व अखेर जोडणी सोडून देतो. पावसाळ्यात येणारा व उन्हाळ्यात नाहीसा होणारा दोष सहसा ड्रायव्हरचा नसतो.

दुसरा धोका विजेचा. मे महिन्यातील वळवाच्या व ऑक्टोबरमधील परतीच्या पावसात विजा पडून लाइनवर मोठा दाब येतो. अशा आघातात अनेकदा कार्डावरील लाइनच्या बाजूचे मंडलच जळते, तर संगणकाच्या बाजूचे शाबूत राहते. परिणामी विंडोजला मोडेम दिसतो, तो 'ओके' असे उत्तरही देतो, पण चांगल्या लाइनवरही त्यास डायल टोन सापडत नाही. असे कार्ड बदलण्यावाचून उपाय नसतो. ड्रायव्हर कितीही वेळा बसवला तरी उपयोग होत नाही. विजा चमकू लागताच विजेच्या प्लगबरोबरच दूरध्वनीची तारही काढून ठेवणे हाच खात्रीचा बचाव आहे.

## सद्यस्थिती

भारताचे ब्रॉडबँड धोरण ऑक्टोबर २००४ मध्ये जाहीर झाले व जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगमने 'डेटावन' सेवा सुरू केली. त्यानंतर घरगुती डायल-अपचा वापर झपाट्याने घटला. मायक्रोसॉफ्टने विंडोज ९८ ची सुरक्षा-सुधारणा जुलै २००६ मध्ये व एक्सपीची एप्रिल २०१४ मध्ये थांबवली. त्यामुळे असे संगणक आंतरजालाशी जोडणे आता सुरक्षित नाही. शिवाय ऑप्टिकल फायबरवरील दूरध्वनीत आवाज अंकीय पुडक्यांत विभागून पाठवला जातो. मोडेमचे संकेत त्यातून नीट पार होत नाहीत, म्हणून ड्रायव्हर निर्दोष असूनही जोडणी टिकत नाही.

आज हा विषय मुख्यतः जुने संगणक जतन करणाऱ्यांसाठी व जुन्या फॅक्स यंत्रणा चालवणाऱ्यांसाठी उपयुक्त आहे. जुन्या संगणकातील लेखन किंवा छायाचित्रे वाचवणे एवढाच हेतू असेल, तर मोडेम दुरुस्त करण्याची गरज नसते. हार्ड डिस्क काढून योग्य जोडतारेने नव्या संगणकास जोडल्यास विदा थेट उतरवता येते.